मॉलिक्युलर वायर, तिची लांबी आणि तिच्यावर पडणारा प्रकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एम.एस्सी.च्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या मुलांना नॅनोविज्ञान शिकवताना दर वर्षी तेच प्रश्न येतात. सेमिनारच्या आदल्या आठवड्यात तर फोनवरही येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे मुद्दा खोल आहे तिथे मी रेंगाळलो आहे, बाकीचं दोन ओळींत उरकलं आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. अभ्यासक्रमात ‘लांबीचा परिणाम’ आणि ‘प्रकाशाचा परिणाम’ असे दोन वेगळे मुद्दे छापलेले असतात, आणि मुलं ते वेगवेगळे पाठ करतात. तसं करू नका. प्रकाशाने काय होणार हे बहुतेक वेळा लांबीच ठरवते.

मॉलिक्युलर वायर म्हणजे नेमकं काय? तांब्याच्या तारेचीच बारीक आवृत्ती का?

नाही. तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन भरलेले असतात, ते अणूंना आणि दोषांना धडकत पुढे सरकतात, आणि लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो. मॉलिक्युलर वायर म्हणजे साधारण १ ते १० नॅनोमीटर लांबीचा एकच रेणू, दोन्ही टोकांनी धातूला चिकटलेला. मधला दांडा बहुधा बेंझीनच्या कड्यांचा किंवा एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या साखळीचा. टोकांना गंधकाचे किंवा नायट्रोजनचे गट, कारण ते सोन्याला घट्ट धरतात.

या रेणूत ‘मोकळे’ इलेक्ट्रॉन नसतात. धातूची फर्मी पातळी (धातूतले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या जिथपर्यंत भरलेले असतात ती पातळी) रेणूच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते. म्हणजे धातूतून निघालेल्या इलेक्ट्रॉनला रेणूत बसायला त्याच्या ऊर्जेची जागाच नसते. पुढचं सगळं नाट्य या एका अडचणीतून सुरू होतं.

ही कल्पना कोणाची?

बहुतेक पुस्तकं १९७४ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी एव्हिराम आणि रॅटनर यांनी एकच रेणू डायोडसारखा वागू शकेल असं कागदावर मांडलं. पण लांबीच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर १९७१ साली मान आणि कून यांनी फॅटी अ‍ॅसिडच्या एक-रेणू-जाड थरांतून वीज मोजली होती आणि साखळी लांबली की प्रवाह घातांकी वेगाने घटतो हे दाखवलं होतं. परीक्षेत दोन्ही लिहा.

इतक्या छोट्या रेणूला दोन्ही बाजूंनी धरतात तरी कसं?

हा प्रश्न मुलं लाजत विचारतात, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. चिमट्याने धरत नाहीत. सोन्याची टोकदार सुई सोन्याच्याच पृष्ठभागात रुतवतात आणि हळूहळू वर ओढतात. सोनं तारेसारखं ताणलं जातं, बारीक होत जातं, आणि तुटण्याआधी शेवटी एका अणूची मान उरते. त्या क्षणी वाहकता ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास थांबते. हे वाहकतेचं पुंज (क्वांटम) एकक, रोधाच्या भाषेत १२.९ किलोओहम.

मग मान तुटते. आजूबाजूच्या द्रावणात रेणू असतील तर त्यातला एखादा त्या फटीत दोन्ही टोकं टेकवून बसतो. आलेखावर वाहकता एकदम कोसळते, पण शून्यावर जात नाही. खाली कुठेतरी एक छोटी सपाट पायरी दिसते. ती पायरी म्हणजे रेणू. आणखी ओढलं की रेणूही सुटतो आणि पायरी संपते. २००३ साली शू आणि ताओ यांनी बायपिरिडीनसाठी ही पायरी पुंज एककाच्या सुमारे एक शतांशावर दाखवली.

एका पायरीवर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक वेळी सोन्याची टोकं वेगळ्या आकाराची तुटतात, रेणू वेगळ्या कोनात बसतो. म्हणून हीच ओढाताण हजारो वेळा करतात आणि हिस्टोग्राम, म्हणजे कोणती वाहकता किती वेळा आली याचा आलेख, काढतात. शोधनिबंधातला एकच आकडा वाचताना त्याच्यामागे हा डोंगर असतो हे विसरू नका.

लांबी वाढली की प्रवाह किती घटतो?

छोट्या रेणूंसाठी नियम घातांकी आहे. लांबी एका ठरावीक मापाने वाढवली की प्रवाह दर वेळी तितक्याच पटीने घटतो. ही घट किती तीव्र, हे सांगणाऱ्या आकड्याला बीटा म्हणतात.

मधला दांडा साध्या एकेरी बंधांचा, म्हणजे अल्केनचा असेल तर बीटा दर अँगस्ट्रॉमला (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाला) साधारण ०.८ असतो. बेंझीनची कडी एकापुढे एक जोडलेली असतील तर ०.४ च्या आसपास. मध्ये दुहेरी-तिहेरी बंध घालून इलेक्ट्रॉनांना पसरायला जागा दिली तर ०.२ ते ०.३.

आकडे जवळजवळचे वाटतात, म्हणून मुलं ते पटकन वाचून पुढे जातात. जरा हिशोब करून बघा. तार ४ नॅनोमीटर म्हणजे ४० अँगस्ट्रॉम लांब धरू. बीटा ०.३ असेल तर घातांक १२ येतो आणि प्रवाह सुमारे १ लाख ६३ हजार पटीने कमी होतो. बीटा ०.८ असेल तर घातांक ३२ येतो आणि प्रवाह सुमारे ८० लाख कोटी पटीने कमी होतो. पहिला प्रवाह चांगल्या उपकरणाने मोजता येतो. दुसरा मोजायची गोष्टच सोडा. लांबी तीच, दोन्ही टोकांचं सोनं तेच, बदलले ते फक्त मधले बंध.

अल्केनसाठी डोक्यात ठेवायला सोपं माप: साखळीत एक कार्बन वाढला की प्रवाह सुमारे २.७ पटीने घटतो. चार कार्बन वाढले की पंचावन्न पटीने.

बीटाचं एकक काय?

लांबीचा व्यस्त. दर अँगस्ट्रॉम किंवा दर नॅनोमीटर. काही निबंधांत ‘दर कार्बन’ किंवा ‘दर कडं’ असंही देतात, तेव्हा तुलना करण्याआधी एकक बघा. दर वर्षी कोणीतरी दर नॅनोमीटर ३ आणि दर अँगस्ट्रॉम ०.३ हे दोन वेगवेगळे निष्कर्ष म्हणून सेमिनारात मांडतो.

घट इतकी भयंकर असेल तर लांब तारा चालतात कशा?

कारण लांब तारेत इलेक्ट्रॉन आपली चाल बदलतो.

छोट्या तारेत तो टनेलिंग करतो. एका धातूतून दुसऱ्या धातूत जातो, मध्ये रेणूवर कुठेही ‘बसत’ नाही. लांबी वाढत गेली की हा मार्ग इतका क्षीण होतो की दुसरा, एरवी महाग असलेला मार्ग परवडायला लागतो. त्या मार्गात इलेक्ट्रॉन (किंवा त्याची रिकामी जागा) आजूबाजूच्या उष्णतेतून थोडी ऊर्जा उचलून खरोखरच रेणूच्या एका भागावर चढतो, तिथे क्षणभर टेकतो, मग शेजारच्या भागावर उडी मारतो. याला हॉपिंग म्हणतात.

हॉपिंग म्हणजे पुण्याला निघालेली, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं थांबत जाणारी एसटी. प्रत्येक थांबा साधारण सारखा वेळ खातो, म्हणून थांबे दुप्पट झाले की वेळ दुप्पट. रोध लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो, घातांकी नाही. टनेलिंगला मात्र विनाथांबा गाडीची उपमा देऊ नका. विनाथांबा गाडीचा वेळसुद्धा अंतराच्या प्रमाणातच वाढतो, टनेलिंगचा प्रवाह तसा वागत नाही. टनेलिंगला रोजच्या जगातली चांगली उपमा नाही, आणि ती शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

हा बदल नेमका दिसला तो २००८ साली, फ्रिस्बी यांच्या गटाच्या प्रयोगात. त्यांनी सोन्यावर एकेक कडं जोडत तार वाढवत नेली. सुमारे ४ नॅनोमीटरपर्यंत बीटा ०.३ होता, त्यापुढे तो एकदम ०.०९ वर आला. आलेखावर सरळ उतरती रेघ मध्येच वाकून जवळजवळ आडवी होते. वाकण्याच्या त्या जागेवर बोट ठेवायला शिका, या विषयाचा निम्मा भाग तिथे आहे.

४ नॅनोमीटर ही सगळ्या तारांची सीमा का?

नाही. पातळ्यांमधला ऊर्जेचा अडथळा किती उंच आहे त्यावर ती ठरते. अडथळा कमी असेल तर बदल आधीच होतो.

आणि इथे एक गुंता आहे. एकाआड एक दुहेरी बंधांची तार लांबवली की अंतर तर वाढतंच, शिवाय तिच्या पातळ्याही सरकतात. इलेक्ट्रॉनला पसरायला जास्त जागा मिळते, त्यामुळे अडथळा खाली येतो. १९९८ साली वॅसिलेव्स्की यांच्या गटाने एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा आणि मध्ये एक ते पाच एककांची तार असे रेणू बनवले आणि प्रकाशाच्या झोताने इलेक्ट्रॉन सोडला. छोट्या तारांत लांबीबरोबर वेग घटला. लांब तारांत मात्र तारेची पातळी देणाऱ्याच्या पातळीजवळ आली आणि लांबीची अडचण जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून ‘लांबी वाढली की वेग घटतो’ असं एका ओळीत लिहिलेलं उत्तर अर्धंच बरोबर असतं.

टनेलिंग आहे की हॉपिंग, हे ओळखायचं कसं?

तापमान बदलून. टनेलिंगला उष्णता लागत नाही, त्यामुळे थंडीत आणि उन्हाळ्यात प्रवाह जवळजवळ सारखा. हॉपिंगला उष्णता हवीच.

आपल्याकडचे आकडे घालून बघू. डिसेंबरच्या पहाटेचे १५ अंश आणि मेच्या दुपारचे ४३ अंश. प्रत्येक उडीसाठी लागणारी ऊर्जा ०.२८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. पहाटे उपलब्ध औष्णिक ऊर्जा ०.०२४८, दुपारी ०.०२७२. भागाकार केले तर ११.३ आणि १०.३ येतात. फरक एकाचा, म्हणजे प्रवाहात २.७ पटीची वाढ. तीच प्रयोगशाळा, तीच लांब तार, एसी बंद ठेवला तर सोलापूरचा उन्हाळाच प्रवाह अडीच-पावणेतीन पट करून टाकतो. छोट्या तारेवर त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणून मोजणीच्या वहीत तापमान लिहिलेलं नसेल तर लांब तारेचा आकडा मी वाचतच नाही.

लांबी तीच आहे, पण रेणू पिळलेला असेल तर?

फरक पडतो. दोन बेंझीन कड्यांमधला कोन वाढला की त्यांचे इलेक्ट्रॉनचे ढग एकमेकांत कमी मिसळतात. २००६ साली वेंकटरामन यांच्या गटाने दाखवलं की वाहकता त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलते. कोन ६० अंश झाला की वाहकता सपाट रेणूच्या चौथ्या हिश्श्यावर.

आता मुख्य प्रश्न. लाईट मारली की करंट वाढतो का?

माझं उत्तर नेहमी उलट प्रश्नाने सुरू होतं: तार किती लांब आहे? मुलांना वाटतं सर टाळताहेत. टाळत नाही, हिशोब करून दाखवतो.

अंधारात एका छोट्या तारेतून १ नॅनोअँपिअर प्रवाह चालू आहे असं धरा. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. आता ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर घेऊ, १ मिलिवॉटचा, आणि तो एका चौरस मायक्रोमीटरवर केंद्रित करू. हा झोत साधासुधा नाही, बऱ्याच रेणूंना जाळून टाकेल असा आहे. त्यातून दर सेकंदाला सुमारे २७ कोटी कोटी, म्हणजे सत्तावीसवर चौदा शून्यं इतके फोटॉन (प्रकाशाचे कण) येतात. पण चांगला रंगीत रेणूसुद्धा फोटॉन पकडण्यासाठी सुमारे ०.०२ चौरस नॅनोमीटर इतकीच जागा देतो, आणि झोत दहा लाख चौरस नॅनोमीटरवर पसरलेला आहे. भागाकार केला की एक रेणू सेकंदाला साधारण ५ कोटी फोटॉन पकडतो.

प्रत्येक पकडलेल्या फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला, अशी उदार कल्पना केली तरी ५ कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजे ८ पिकोअँपिअर. १ नॅनोअँपिअरच्या पुढे हे एक टक्कासुद्धा नाही. मोजणीच्या गोंगाटात बुडून जाईल.

आता तीच गोष्ट लांब तारेत. अंधारातला प्रवाह तिथे १ पिकोअँपिअर, म्हणजे सेकंदाला ६२ लाख इलेक्ट्रॉन. तोच लेझर, तेच ८ पिकोअँपिअर. प्रवाह नऊपट झाला.

प्रकाश तितकाच आहे. छोट्या तारेत त्याचं काही चालत नाही, लांब तारेत तो राजा. खऱ्या प्रयोगात सुईच्या टोकाशी सोन्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलून प्रकाशाचं क्षेत्र कित्येक पटींनी वाढवतात आणि दुसऱ्या बाजूला बरेच फोटॉन वायाही जातात, म्हणून आकडे हलतात. दिशा हीच राहते.

मग उन्हात ठेवली तर?

भर दुपारचं कडक ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट देतं. वरच्या लेझरच्या तुलनेत हे दहा लाख पटीने कमी. म्हणजे एका रेणूला सेकंदाला पन्नासच्या घरात फोटॉन. सोलापूरच्या मे महिन्यात डोकं फिरवणारं ऊन एका रेणूच्या लेखी अगदी तुरळक पाऊस आहे. सौर घटात उन्हाचा उपयोग होतो तो एका रेणूमुळे नाही, कोट्यवधी कोटी रेणू एकत्र लावल्यामुळे.

फोटॉन पकडल्यावर रेणूत होतं काय?

खालचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत जातो आणि मागे रिकामी जागा उरते. दोघं एकमेकांना धरून असतात, त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. सेंद्रिय रेणूंत ही पकड साधारण काही दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते, आणि खोलीच्या तापमानाची उष्णता ०.०२६. म्हणजे जोडी आपणहून तुटत नाही. व्होल्टेजने, किंवा धातूच्या जवळिकीने, किंवा शेजारी वेगळ्या पातळीचा भाग ठेवून ती तोडावी लागते.

धातूची जवळीक दुधारी आहे. रेणू छोटा असेल तर एक्सायटॉन धातूला इतका चिकटून असतो की ऊर्जा क्षणात धातूत जिरते आणि हाती उष्णता उरते. लांब तारेत मधला भाग धातूपासून दूर असतो, एक्सायटॉन जास्त टिकतो, जोडी तुटून दोघं दोन दिशांना जायला वेळ मिळतो. लांबीचा प्रकाशाशी हा दुसरा संबंध.

एक बारीक गोष्ट, तोंडी परीक्षेत विचारली जाते. रेणू दोन्ही बाजूंनी सारखा, दोन्ही धातू सारखे, व्होल्टेज शून्य आणि उजेडही सगळीकडे सारखा. प्रकाश टाकल्यावर प्रवाह किती? शून्य. डावीकडे जायला आणि उजवीकडे जायला सारखंच कारण आहे. काहीतरी असमान असल्याशिवाय प्रकाश दिशा देत नाही.

कोणत्या रंगाचा प्रकाश वापरायचा?

रेणू जो शोषतो तो. १२४० ला तरंगलांबीने (नॅनोमीटरमध्ये) भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ३६५ नॅनोमीटरला ३.४, हिरव्या ५३२ ला २.३३. आधी यूव्ही-व्हिजिबल आलेख (रेणू कोणती तरंगलांबी किती शोषतो तो) काढा, मग दिवा निवडा. दिवा आधी विकत घेऊन रेणू नंतर शोधणारेही पाहिले आहेत.

प्रकाशाने रेणूचा आकारच बदलतो म्हणतात. ते काय?

हा प्रकाशाचा दुसरा, माझ्या मते जास्त देखणा उपयोग. इथे फोटॉनने प्रवाह थेट वाढवायचा नसतो. त्याने रेणूला एका रूपातून दुसऱ्या रूपात ढकलायचं, आणि मग अंधारातच प्रवाह मोजायचा. म्हणून फोटॉन मोजके असले तरी चालतं.

पहिलं उदाहरण अझोबेंझीन. सोलापुरात या कुळाची ओळख करून द्यायची गरज नाही, चादरी-टॉवेलच्या धंद्यातले लोक ‘अझो’ हा शब्द कॉलेजात न जाता शिकलेले असतात. सुती धाग्यावर बसणारे नॅप्थॉल रंग याच कुळातले. मध्ये दोन नायट्रोजन, त्यांच्यात दुहेरी बंध, दोन बाजूंना कडी. अतिनील प्रकाशाने लांब, सरळ ‘ट्रान्स’ रूप वाकून ‘सिस’ होतं, आणि निळ्या प्रकाशाने किंवा नुसत्या उबेने परत सरळ. टोकाच्या दोन कार्बनमधलं अंतर ९ अँगस्ट्रॉमवरून साडेपाचवर येतं. इथे प्रकाश चक्क लांबीच बदलतो. रेणूंच्या थरावर वरून सुई टेकवून मोजलं तर आखूड झालेलं ‘सिस’ रूप जास्त प्रवाह देतं असंही दिसलं आहे. पुस्तकातला ‘सरळ म्हणजे चांगला वाहक’ हा नियम तिथे लांबीपुढे हरतो.

दुसरं उदाहरण डायअरिलइथीन, जपानच्या इरी यांनी नावारूपाला आणलेलं. यात लांबी फारशी बदलत नाही. अतिनील प्रकाशाने मधलं उघडं कडं बंद होतं, दुहेरी बंधांची साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होते, रेणूला रंग येतो आणि वाहकता वाढते. दृश्य प्रकाशाने कडं पुन्हा उघडतं.

द्रावणात हे दोन्ही बाजूंनी सुरेख चालतं. २००३ साली सोन्यामध्ये धरून बघितलं तर बंद रूप उघडलं, पण परत बंद होईना. रेणू एकेरी वाटेचा झाला. कारण वर आलंच आहे: सोनं इतकं जवळ की उत्तेजित अवस्थेला काम पुरं करायला वेळच मिळत नाही. २०१६ साली चीनमधल्या ग्वो यांच्या गटाने सोन्याऐवजी ग्राफीन (कार्बनचा एक-अणू-जाड पापुद्रा) घेतलं आणि रेणू व ग्राफीन यांच्या मध्ये तीन मिथिलीन गट, म्हणजे एकेरी बंधांचे तीन कार्बन, घातले. म्हणजे मुद्दाम वाहकता घटवणारी लांबी वाढवली! रेणू इलेक्ट्रोडपासून जरा सुटा झाला आणि स्विच दोन्ही बाजूंनी चालू लागला. चालू-बंद प्रवाहांत सुमारे शंभर पटीचा फरक, आणि उपकरण वर्षभर टिकलं. या पानावरचं एकच उदाहरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

उजेडात रेणू खराब होतो का?

होतो. उन्हात वाळत घातलेली चादर फिकी पडते त्यात रंगाचे रेणू तुटतातच. ऑक्सिजन आणि पाणी दूर ठेवलं की आयुष्य वाढतं.

लेझर लावल्यावर प्रवाह वाढला, पण तो प्रकाशाने की तापल्याने?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चहा पाजतो.

सोनं एका अंशाने तापलं की दर मीटरला १४ मायक्रोमीटर वाढतं. सुईचा फक्त १ मिलिमीटर भाग एका अंशाने तापला तर तो १४ नॅनोमीटर वाढेल. आपला रेणू २ नॅनोमीटरचा! लेझर सुरू होताच सुई पुढे सरकते, फट आखूड होते, आणि टनेलिंग घातांकी असल्यामुळे प्रवाह उसळतो. रेणूने एकही फोटॉन पकडलेला नसला तरी आलेख झकास दिसतो. शिवाय लांब तारेत नुसतं तापमान वाढल्यानेही हॉपिंग वाढतं, तो हिशोब वर केलाच.

तपासण्याच्या काही वाटा आहेत. रेणू जो रंग शोषत नाही तो टाकून बघा. तरीही प्रवाह वाढला तर रेणूचा दोष नाही. प्रकाश न शोषणारी, तेवढ्याच लांबीची अल्केन लावून बघा. झोत पटापट चालू-बंद करा: तापणं सावकाश होतं, इलेक्ट्रॉनचं काम लगेच. आणि यातून पार पडल्यावरही धातूतले प्रकाशाने ‘गरम’ झालेले इलेक्ट्रॉन उरतात. ते रेणूच्या मदतीशिवाय जास्त ऊर्जेवरून पलीकडे जातात. छोट्या तारांत प्रकाशाने दिसलेली वाढ बऱ्याचदा यांचीच असते.

निसर्गात असं काही आहे का?

ज्वारीच्या प्रत्येक हिरव्या पानात. प्रकाशसंश्लेषणात प्रकाश इलेक्ट्रॉन सोडतो आणि तो पेशीतल्या पातळ पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातो. जीवाणूंमध्ये हे सगळ्यात बारकाईने मोजलं आहे. पहिली झेप सुमारे ३ पिकोसेकंदांत, पुढची २०० पिकोसेकंदांत. जीवाणूंमधल्या ज्या प्रथिन-केंद्रात हे घडतं त्याची रचना उलगडल्याबद्दल डायझेनहोफर, ह्यूबर आणि मिशेल यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

प्रथिनांत बीटा एकपेक्षाही जास्त असतो, म्हणजे अल्केनपेक्षा वाईट तार. निसर्गाने तार सुधारली नाही, झेपा आखूड केल्या. एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर साधारण १४ अँगस्ट्रॉमच्या आत ठेवलं. आणि प्रत्येक पुढचा थांबा ऊर्जेने जरा खाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मागे फिरत नाही.

मार्कस सिद्धान्ताचा इथे काय संबंध?

प्रत्येक उडीचा वेग तो सांगतो. इलेक्ट्रॉन हलला की रेणूचा आकार आणि आजूबाजूचं द्रावण सावरावं लागतं, त्याची किंमत वेग ठरवते. मार्कस यांना १९९२ चं नोबेल. ऊर्जेचा उतार एका मर्यादेपलीकडे वाढवला की वेग उलट घटतो, हे त्यांचं विचित्र वाटणारं भाकीत १९८४ साली प्रयोगात खरं ठरलं. उत्तरात आलेख काढा, घंटेसारखा.

डीएनए ही मॉलिक्युलर वायर आहे का?

कामचलाऊ. ग्वानीनवरून ग्वानीनवर (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) उड्या मारत धन प्रभार बराच दूर जातो. धातूची तार म्हणून वापरण्याचा उत्साह आता ओसरला आहे.

इतक्या वर्षांत बाजारात का नाही?

कारण एक अणू इकडचा तिकडे झाला की वाहकता बदलते, आणि कारखान्याला दोन नग सारखे लागतात. कॅनडातल्या मॅक्रीरी यांच्या गटाने कार्बनच्या दोन थरांमध्ये रेणूंचा थर बसवून बरीच टिकाऊ मांडणी केली. तिचा पहिला व्यापारी उपयोग कशात व्हावा? इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये. मला यात कमीपणा वाटत नाही.

सोलापुरात बसून यातलं काय करता येईल?

एका रेणूची वाहकता मोजणं कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमणार नाही, त्याच्या मागे लागून एम.एस्सी.चं प्रोजेक्ट वाया घालवू नका. पण विषयाचा अर्धा भाग आवाक्यात आहे.

यूव्ही-व्हिजिबल यंत्र बहुतेक विभागांत असतं. अझोबेंझीनचं विरळ द्रावण घ्या, ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीखाली ठेवा, दर मिनिटाला आलेख काढा. ३२० च्या आसपासचं शिखर खाली बसताना आणि ४४० जवळचं किंचित वर येताना दिसेल. मग अंधारात ठेवून ते परत किती वेळात येतं ते वेगवेगळ्या तापमानांना मोजा. परतीच्या वेगाचा लॉगॅरिदम विरुद्ध (केल्विनमधल्या) तापमानाचा व्यस्त असा आलेख काढला की परतीचा ऊर्जेचा अडथळा हाती येतो. हॉपिंगचा अडथळा काढायची रीत हीच, फक्त वेगाच्या जागी प्रवाह.

दुसरं काम संगणकाचं. दोन, तीन, चार, पाच कड्यांच्या तारांच्या पातळ्या मोफत मिळणाऱ्या क्वांटम केमिस्ट्रीच्या सॉफ्टवेअरने काढा आणि भरलेल्या-रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर लांबीबरोबर कसं आकसतं ते बघा. साध्या लॅपटॉपवर रात्रभरात होतं. लॅपटॉप मात्र गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका, मेमध्ये तापून बंद पडतो.